अजगराचे ऋतू

2023 सालच्या सप्टेंबरातील गोष्ट. महिन्याच्या सहा तारखेस रात्री बँकॉकहून निघालेले एक विमान बंगळूरच्या केंपेगौडा विमानतळावर उतरले. त्यातील काही सामानाचा कस्टमच्या अधिकाऱ्यांना संशय आला. ते उघडून पाहिले, तेव्हा आत 78 वन्य प्राणी निघाले. 55 बॉल पायथन जातीचे अजगर, 17 नागराज आणि कॅप्युचिन जातीची 6 माकडे. माकडे मरून गेली होती. साप मात्र जिवंत होते आणि हालचालही करीत होते.

अशी वार्ता कानावर आली म्हणजे माकडांसाठी मन हळहळते; सापांविषयी फारसे काही वाटत नाही. सापाची जातच चिवट, असे म्हणून माणूस मोकळा होतो. परंतु जो मेला नाही तो सुखरूप आहे, हा निष्कर्ष सापाच्या बाबतीत फार धोक्याचा आहे. सस्तन प्राण्याची आबाळ झाली तर ती काही तासांत दिसते. सापाची आबाळ दिसावयास महिने लागतात. तो ओरडत नाही, तळमळत नाही, दाराशी येऊन उभा राहत नाही. ऊब कमी पडली तर तो केवळ अधिक स्तब्ध होतो. आणि पाहणाऱ्याला वाटते की, गरीब बिचारा किती शांत आहे! या शांतपणाचा अर्थ समजावून घ्यावयाचा असेल, तर अजगराचे आणि उष्णतेचे नाते समजावून घेतले पाहिजे.

बॉल पायथन हा मूळचा आफ्रिकेचा रहिवासी. पश्चिमेस सेनेगालपासून पूर्वेस युगांडापर्यंत गवताळ राने, शेते आणि विरळ जंगले यांतून तो आढळतो. शास्त्रज्ञांनी त्याला पायथन रेजियस, म्हणजे राजेशाही अजगर, असे भारदस्त नाव दिले आहे. परंतु भीती वाटली की डोके मध्यभागी लपवून तो अंगाचे वेटोळे चेंडूसारखे घट्ट आवळून घेतो, म्हणून व्यवहारात चेंडूवरून पडलेले नावच रूढ झाले. आपल्याकडील अजगराच्या मानाने हा अगदी लहान : तीन ते पाच फूट लांबीचा, किलो दोन किलो वजनाचा, बिनविषारी आणि स्वभावाने भिडस्त. दिवसा तो उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दडून बसतो; रात्री भक्ष्याच्या शोधार्थ बाहेर पडतो. हा भिडस्तपणाच त्याच्या मुळावर आला. हाताळावयास सोपा, जागा थोडी लागते, खाणे आठवड्यातून एकदा किंवा त्याहूनही विरळ. त्यामुळे जगभरच्या हौशी लोकांच्या घरांत त्याची रवानगी झाली. पुढे निवडक पैदाशीने पांढरे, पिवळे, नारिंगी, ठिपक्यांचे आणि बिनठिपक्यांचे असे त्याचे असंख्य रंगभेद निर्माण करण्यात आले. मूळचा काळसर तपकिरी, सोनेरी डागांचा साप बाजूला राहिला आणि रंगाचा बाजार सुरू झाला.

सापाला आपण थंड रक्ताचा प्राणी म्हणतो. हा शब्द रूढ असला तरी नेमका नाही. उन्हात तापलेल्या खडकावर पडलेल्या सापाचे रक्त माणसाच्या रक्ताइतके उष्ण असू शकते. फरक आहे तो उष्णता कोठून येते यात. माणूस, गाय, चिमणी हे प्राणी आपल्या अंगची शेगडी रात्रंदिवस पेटती ठेवतात, आणि त्या शेगडीला सतत सरपण लागते. म्हणून त्यांना रोज खावे लागते. सापाने ही शेगडी बाळगलेलीच नाही. तो ऊब बाहेरून उसनी घेतो : उन्हाकडून, मातीकडून, दगडाकडून. साहजिकच त्याचा संसार फार काटकसरीचा असतो. एक उंदीर त्याला आठवडाभर पुरतो, आणि प्रसंगी महिनोन्‌महिने काही न खाताही तो तग धरतो.

मराठीत आळशी माणसाला अजगरासारखा पडून राहतो असे म्हणतात. आपल्या पूर्वजांना मात्र या पडून राहण्यात आणखीही काही दिसले होते. महाभारताच्या शांतिपर्वात आजगर व्रत आचरणाऱ्या एका मुनीचा आणि प्रल्हादाचा संवाद आहे. मिळेल त्यावर संतुष्ट राहावे, न मिळाल्यास खेद करू नये, असे ते व्रत. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने पाहता अजगर संतुष्ट आहे की नाही हे सांगता येणार नाही. पण तो आळशी मुळीच नाही. त्याचे पडून राहणे हा एक हिशेब आहे. कोणत्या वेळी कोणत्या जागी पडावे, अंगाचा किती भाग उन्हात आणि किती सावलीत ठेवावा, वेटोळे सैल करावे की आवळावे, हे तो सतत ठरवीत असतो. त्याच्या ओठांवर ओळीने बारीक खाचा असतात, आणि त्यांच्या योगाने त्याला अंधारातही उष्णतेची चाहूल लागते. डोळ्यांना प्रकाश कळावा तशी त्याला ऊब कळते.

खाल्लेले अन्न पचावयासही ही उसनी ऊबच लागते. भक्ष्य अखंड गिळल्यानंतर ते विरघळविण्याचे काम पोटातील रसांनी करावयाचे, आणि ते रस ठराविक उष्णतामानातच नीट काम करतात. ऊब अपुरी पडली तर गिळलेला उंदीर पोटात सडू लागतो. साप तो ओकून टाकतो, किंवा आजारी पडतो. रोगाशी झगडण्याची शक्ती, कात टाकणे, अंडी धरणे, ही सारी कामे त्याच उसन्या भांडवलावर चालतात.

आता असा प्राणी पेटीत ठेवला म्हणजे काय होते, याचा विचार करावा. रानातील सापाला दहा पावलांवर ऊन आणि दहा पावलांवर सावली असते. पेटीतल्या सापाला चालावयास दहा पावले नसतात. म्हणून जाणकार पाळणारे पेटीची एक बाजू उबदार आणि दुसरी गार ठेवतात. बॉल पायथनच्या बाबतीत उबदार टोकाशी 31 ते 33 अंश सेल्सिअस आणि गार टोकाशी 25 ते 27 अंश, असा सर्वसाधारण दंडक आहे. दोन्ही टोकांशी लपावयास जागा हवी. नाहीतर भित्रा साप ऊब सोडील पण आडोसा सोडणार नाही. ऊब देणाऱ्या पट्टीला थर्मोस्टॅट असलाच पाहिजे. कारण फार तापलेल्या पृष्ठभागावरून साप वेळीच उठेल याचा भरवसा नसतो, आणि पोटाखालची त्वचा भाजून निघते. निसर्गात ऊन वरून येते आणि मावळते. खालून न थांबता तापत राहणारी जमीन त्याच्या ओळखीची नाही.

दिवसाच्या उष्णतामानाची ही व्यवस्था बऱ्याच जणांना ठाऊक असते. वर्षाच्या उष्णतामानाचा विचार मात्र थोडे लोक करतात.

पश्चिम आफ्रिकेतील घाना, टोगो, बेनिन हे देश विषुववृत्तापासून दूर नाहीत. तेथे आपल्या काश्मीरसारखा हिवाळा नसतो. किनाऱ्याजवळच्या भागात वर्षातील सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड महिन्यांच्या सरासरीत तीन-चार अंशांचेच अंतर असते. तरीही ऋतू आहेत. पावसाळा आहे, कोरडा काळ आहे, आणि डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत सहारा वाळवंटाकडून धूळ घेऊन येणारा हरमाटन नावाचा कोरडा वारा आहे. त्या दिवसांत रात्री निवतात. या बारीक फरकांवर बॉल पायथनचे सारे पंचांग बसविलेले आहे. वर्षाच्या उत्तरार्धात नर-मादी एकत्र येतात. कोरडा काळ सरता सरता, फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास, मादी अंडी घालते. आणि सुमारे दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात, तेव्हा पाऊस लागलेला असतो आणि रानात खावयास मुबलक असते.

बंदिस्त सापांची वीण करणाऱ्यांनी या पंचांगाची नक्कल करण्याची पद्धत बसविली. हिवाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत रात्रीचे उष्णतामान हळूहळू 24 अंशांपर्यंत, काही जण 21 अंशांपर्यंत, उतरवतात. दिवसा मात्र उबदार कोपरा पूर्वीसारखाच ठेवतात. पुढे उष्णतामान तितक्याच सावकाश चढविले जाते. या काळात नर बहुधा अन्न सोडतो. नवख्या माणसाचा जीव घाबरा होतो आणि तो सापाच्या तोंडात बळेच भक्ष्य कोंबू पाहतो. वस्तुतः वजन टिकून असेल तर हा उपास स्वाभाविक आहे. मादीच्या पोटात अंडबीजे वाढू लागली म्हणजे ती गार बाजू पसंत करते, पाण्याच्या भांड्याभोवती वेटोळे घालून बसते. बीजे सुटल्यानंतर तीच मादी उबेकडे वळते. मग एकदा कात टाकते आणि त्यानंतर सुमारे महिन्याभराने अंडी घालते. एका वेतात सर्वसाधारणपणे सहाच्या आसपास अंडी असतात, आणि ती 31 ते 32 अंशांत सुमारे दोन महिन्यांत उबतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. उत्तर अमेरिकेतील किंवा युरोपातील काही साप थंडीत जमिनीखाली जाऊन महिनोन्‌महिने सुप्त पडून राहतात, आणि त्यांच्या विणीसाठी त्यांना खरीखुरी थंडी द्यावी लागते. ती रीत विषुववृत्ताजवळच्या बॉल पायथनला लावली, तर त्याचा घात होतो. त्याला थंडी नको असते. रात्रीचा किंचित निवारा हवा असतो. लहान, अशक्त किंवा आजारी सापावर तर हा प्रयोग करूच नये. अनुभवी माणसांपैकी काही जण उष्णतामान फारसे न उतरविताही पिले मिळवतात; यावरून हवेतील ओलावा, अन्नाची विपुलता, मादीच्या अंगावरची चरबी, या गोष्टीही त्या पंचांगात मोजल्या जातात असे दिसते. ऋतू म्हणजे थर्मोस्टॅटवरचा एक आकडा नव्हे. अनेक सूचना एकत्र येऊन तो तयार होतो.

या पार्श्वभूमीवर बंगळूरचा विचार करणे उद्‌बोधक ठरेल. मराठी माणसाला हे शहर परके नाही. सतराव्या शतकात ते शहाजीराजांच्या जहागिरीत होते, आणि आजही तेथे मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवर वसलेल्या या शहराची हवा सुखद म्हणून विख्यात आहे. पेन्शन घेऊन राहावयास बंगळूरसारखे गाव नाही, असे जुने लोक म्हणत. एप्रिलमध्ये दिवसाचे सरासरी कमाल उष्णतामान 34 अंशांच्या आसपास जाते. पावसाळ्यात आभाळ भरलेले असते आणि दिवसही 28 अंशांच्या फारसे पुढे जात नाही. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री 15-16 अंशांपर्यंत उतरतात. 1884 सालच्या जानेवारीत तर पारा 7.8 अंशांपर्यंत खाली आल्याची नोंद आहे.

माणसाला ही हवा मानवते, म्हणून ती सर्वांनाच मानवेल असे समजणे ही चूक होय. ज्या रात्री बंगळूरकर एक पातळ शाल घेऊन समाधानाने झोपतो, त्या रात्री खिडकीपाशी ठेवलेल्या पेटीतला आफ्रिकेचा साप आपल्या सहनशक्तीच्या खाली गेलेला असतो. तो मरत नाही. तो फक्त गप्प पडून राहतो. काही दिवसांनी श्वास घेताना बारीक शिटीसारखा आवाज येऊ लागतो, तोंडाशी फेस दिसतो, आणि तेव्हा कोठे मालकाच्या ध्यानात येते की, याच्या फुप्फुसांना विकार झाला आहे. पावसाळ्यातील प्रकार याहूनही फसवा असतो. थंडी वाजत नाही, म्हणून कोणी उबेची व्यवस्था करीत नाही. पण आठवडेच्या आठवडे सापाला 31 अंशांचा कोपरा लाभत नाही, अन्न नीट पचत नाही आणि प्रकृती तिळातिळाने खालावत जाते. बंगळूरला ऋतू आहेत. परंतु ते त्या सापाचे ऋतू नव्हेत.

त्याच बंगळूरच्या दक्षिणेस बन्नेरघट्ट्याच्या जंगलात आपला देशी अजगर राहतो. त्याच रात्री, त्याच पंधरा अंशांत राहतो, आणि त्याला थर्मोस्टॅट लागत नाही. कारण त्याच्यापाशी निवड आहे. रात्री तो खडकाच्या कपारीत किंवा बिळात शिरतो, जेथे दिवसाची ऊब साठलेली असते. सकाळी ऊन आले की बाहेर येऊन पडतो. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात तर हिवाळा बंगळूरहून कितीतरी कडक असतो. तेथे साळिंदरांच्या बिळांतून राहणारे अजगर थंडीच्या दिवसांत बिळाच्या तोंडाशी येऊन ऊन खात पडलेले दिसतात. मोकळ्या अजगराला थंडी सोसावी लागत नाही असे नाही. पण ती चुकविण्याचे मार्ग त्याच्या स्वाधीन असतात.

अजगराच्या या कर्तबगारीचा एक विलक्षण पुरावा आपल्याच देशात प्रथम नजरेस आला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लामार-पिको नावाचा फ्रेंच प्रवासी बंगालमध्ये होता. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि स्वतःच्या अंगाने त्यांना ऊब देते, असे निवेदन त्याने 1832 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे केले. थंड रक्ताचा प्राणी ऊब देतो, ही गोष्ट त्या विद्वानांना पटली नाही. पुढे 1841 साली पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एका मादीने अंडी घातली, आणि व्हालांसिएन या प्राणिशास्त्रज्ञाने ती उबेपर्यंत उष्णतामानाच्या नोंदी घेतल्या. प्रवाशाचे म्हणणे खरे ठरले. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, 1966 साली, अमेरिकेतील संशोधकांनी न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील ब्रह्मदेशी अजगराच्या मादीवर प्रयोग करून याचे कारण स्पष्ट केले. भोवतालची हवा थंड होऊ लागली की ती मादी आपले स्नायू तालाने आकुंचित करते, जणू कुडकुडते, आणि त्या श्रमातून स्वतःचे शरीर हवेपेक्षा चार-पाच अंशांनी उष्ण ठेवते. जन्मभर उसनवारीवर जगणारा हा प्राणी पिलांसाठी मात्र पदरचे सरपण जाळतो!

बॉल पायथनची मादीही अंड्यांभोवती वेटोळे घालते. परंतु ती अशी उष्णता निर्माण करीत नाही. तिच्या मूळ देशी त्याची फारशी गरजच पडत नाही. तिचे वेटोळे मुख्यतः अंड्यांतील ओलावा टिकवून धरते. म्हणजे बंगळूरच्या एखाद्या गार खोलीत तिने अंडी घातली, तर ती त्यांना कितीही घट्ट कवटाळून बसली तरी त्यांचे रक्षण होणार नाही. जी ऊब तिच्या देशाने पुरवावयाची, ती येथे माणसाने पुरविली पाहिजे.

आणि ही जबाबदारी थोड्या दिवसांची नाही. बॉल पायथन वीस-तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुई येथील प्राणिसंग्रहालयात 1961 साली आलेल्या एका मादीने 2020 सालच्या जुलैत सात अंडी घातली. त्या वेळी तिचे वय साठीच्या पुढे होते, आणि किमान पंधरा वर्षे तिला नराचा सहवास नव्हता. एवढी वर्षे कोणीतरी रोज तिच्या उबेची काळजी वाहिली, तेव्हा हे घडले. बंगळूरच्या एखाद्या तरुणाने हौसेने घेतलेला साप त्याच्या मुलांची लग्ने होईपर्यंत त्याच्या पदरी राहू शकतो. नोकरी बदलेल, घर बदलेल, वीज जाईल, हौस ओसरेल. सापाला मात्र दर रात्री तोच उबदार कोपरा लागेल.

कायद्यानेही आता या हौसेची दखल घेतली आहे. आपल्या देशी अजगराला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पूर्ण संरक्षण दिलेले आहे. त्याला पकडणे अथवा पाळणे हा गुन्हा आहे. परदेशी प्राण्यांसंबंधी 2022 साली या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि आंतरराष्ट्रीय कराराखाली येणाऱ्या जातींचा समावेश त्यात करण्यात आला. बॉल पायथन त्यांपैकीच एक. 2024 च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची नोंदणी करावयाची, आणि जन्म, मृत्यू व हस्तांतर कळवावयाचे, असे बंधन आहे. तरीही चोरटा व्यापार थांबलेला नाही. 2024 सालच्या एप्रिलमध्ये बंगळूरच्याच विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात दहा पिवळे ॲनाकोंडा सापडले. कायदा सामान तपासू शकतो, दंड करू शकतो. थंडीच्या रात्री पेटीतला पारा पाहण्याचे काम मात्र तो करू शकत नाही.

सप्टेंबरच्या त्या रात्री सापडलेले साप कस्टमच्या अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतले आणि जिवंत प्राण्यांना ते जेथून आले त्या देशी परत धाडण्याची कारवाई केली. तो देश म्हणजे थायलंड, आफ्रिका नव्हे. तसे पाहिले तर आफ्रिकाही त्यांची कितपत उरली होती? ते वेगवेगळ्या रंगभेदांचे अजगर होते, माणसाने पेट्यांतून निपजविलेल्या वंशाचे. हरमाटन वाऱ्याने निवलेली रात्र त्यांनी कधी अनुभवली नसावी, वारुळातला गारवाही नाही. तरीदेखील त्या ऋतूंचे पंचांग त्यांच्या शरीरात जसेच्या तसे शिल्लक होते. ऊब केव्हा घ्यावी, अन्न केव्हा सोडावे, अंडी केव्हा धरावीत, हे ते विसरले नव्हते. ते पंचांग चालविणारा सूर्य मात्र त्यांना उरला नव्हता. त्यांच्या वाट्याला आलेला माणूस ज्या दिवशी पेटीचा दिवा लावील तो त्यांचा दिवस, आणि विसरेल ती त्यांची रात्र.

म्हणून पेटीत स्वस्थ पडलेल्या अजगराकडे पाहून तो सुखात आहे असे म्हणण्यापूर्वी हात पुढे करून त्या पेटीची दोन्ही टोके चाचपावीत. एक टोक उबदार आणि दुसरे गार लागले, तर त्या प्राण्यापाशी थोडीतरी निवड शिल्लक आहे असे समजावे. दोन्ही टोके सारखीच गार लागली, तर ते स्वास्थ्य नव्हे. मग हवा कितीही सुखद असो, आणि शहर बंगळूर का असेना.